वंशावळींतील रिकामी जागा

गेल्या कार्तिकांत आमच्या कुलमंडळाच्या चिटणिसांचें पत्र आलें. कुलवृत्तांताची नवी आवृत्ति काढण्याचें मंडळानें योजिलें असून, प्रत्येक शाखेनें आपापली वंशावळ तपासून, चुका दुरुस्त करून व नव्या पिढीचीं नांवें भरून ती परत पाठवावी, असा त्यांत आग्रह होता. आमचीं सदतीस वर्षें मुलांच्या वह्या तपासण्यांत गेलीं. तेव्हां चूक शोधण्याचें काम कोणीं आपण होऊन हातीं दिलें म्हणजे आमचें मन अजूनहि प्रसन्न होतें. चष्मा पुसून आम्ही तक्ता घेऊन बसलों.

तक्ता तसा नीट होता. फक्त आमच्या पणजोबांचे धाकटे बंधु यांच्या नांवाखालीं एकच शब्द छापलेला आहे: 'निर्वंश'. इतरांच्या नांवापुढें पत्नीचें सासरचें व माहेरचें नांव दिलें आहे. यांच्यापुढें नुसती आडवी रेघ. हा शब्द आम्ही लहानपणापासून पाहत आलों, आणि तो खोटा आहे हेंहि लहानपणापासूनच आम्हांस ठाऊक होतें. हे आजोबा निर्वंश नव्हते. ते ख्रिस्ती झाले, नगरास राहिले, तेथें त्यांचा संसार वाढला, एवढें आमची आजी दळण निवडतांना कधीं कधीं आवाज उतरवून बोलत असे. घरानें त्यांचा घटस्फोट केला होता.

येथें तरुण वाचकांसाठीं थोडें थांबलें पाहिजे. नवराबायकोनें कायद्यानें वेगळें होणें याला आज आपण घटस्फोट म्हणतों; पण हा अर्थ अलीकडचा. मूळ विधि मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायांत सांगितला आहे. जो पतित झाला त्याच्या सपिंडांनीं तो जिवंत असतांनाच गांवाबाहेर जमून त्याला प्रेताप्रमाणें उदक द्यावें. दासीनें पाण्यानें भरलेला घट पायानें उलथून टाकावा. आप्तांनीं एक अहोरात्र सुतक पाळावें. आणि तेथून पुढें त्याच्याशीं बोलणें, बसणें, वांटणी देणें, सर्व बंद. मनूनें परतीची वाटहि ठेविली आहे. प्रायश्चित्त करून आलेल्याबरोबर आप्तांनीं पुण्य जलाशयांत स्नान करावें व नवा घट पाण्यांत सोडावा. शिवाय पतित स्त्रियांनाहि अन्नवस्त्र देऊन घराजवळ राहूं द्यावें, असेंहि तो सांगतो. आमच्या घराण्यांत पहिला घट फुटला. दुसरा कोणीं आणला नाहीं.

तक्ता तसाच बाजूस पडला, कारण मार्गशीर्षांत आमच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला आणि डॉक्टरांनीं कांहीं दिवस वाचन वर्ज्य केलें. वाचनावांचून दिवस जाणें आम्हांस कठीण. ही अडचण जिन्यावरून तिसऱ्या मजल्यावर पोंचली.

आम्ही शुक्रवार पेठेंत राहतों. जुना वाडा पडून इमारत झाली. तरी दाराबाहेरच्या चपलांवरून आंत कोण आलें आहे हें ओळखण्याइतकें वाडेपण अजून शिल्लक आहे. तिसऱ्या मजल्यावर एक मराठी ख्रिस्ती कुटुंब आहे. सासू, सासरे, मुलगा, सून आणि दीड वर्षाची नात. मुलगा आमचा विद्यार्थी. संस्कृतांत बेताचा, पण स्वभावानें सोन्यासारखा. सून नगरची (म्हणजे आतांच्या अहिल्यानगरची), बँकेंत नोकरी करते. तिच्या सासूबाईंनीं आपण होऊन तिला सांगितलें, "गुरुजींना रोज अर्धा तास कांहींतरी वाचून दाखवीत जा." ती बँकेंतून आली कीं बाळ सासूच्या स्वाधीन करून खालीं येई. काय वाचूं, असें तिनें विचारलें तेव्हां आम्हीं 'स्मृतिचित्रें' सुचविलें. ती हंसली. "गुरुजी, हें आमच्या घरचेंच पुस्तक म्हणायचें. पण खरें सांगूं का, शाळेंत धडा होता तेवढाच वाचलाय मी!"

लक्ष्मीबाई टिळकांची कथा आपल्या वाचकांस नवी नाहीं. तरीहि तरुण वयाच्या सुनेच्या तोंडून ती ऐकतांना आम्हांस कांहीं गोष्टी नव्यानें दिसल्या. बाईंचा जन्म १८६८ सालीं नाशिकजवळच्या जलालपुरास गोखल्यांच्या घरीं झाला. वडिलांचें सोवळें पराकोटीचें. अकराव्या-बाराव्या वर्षीं नारायण वामन टिळकांशीं लग्न झालें. नवरा कवि, बुद्धिमान आणि लहरी. आज येथें तर उद्यां तेथें. आगगाडीच्या एका प्रवासांत कोणा युरोपीय गृहस्थानें त्यांच्या हातीं 'नवा करार' दिला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. बाई तेव्हां सत्ताविशीच्या आंतबाहेर, आणि पदराला तीन-चार वर्षांचा दत्तू. पुढचीं चार-पांच वर्षें त्यांनीं नातेवाइकांच्या आधारानें काढलीं. त्यांतलीं बरींचशी पंढरपुरास.

येथें कायद्याची एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. धर्मांतर केल्यामुळें वारसाहक्क जाऊं नये असा कायदा १८५० सालींच झाला होता. पुढें १८६६ च्या कायद्यानें अशीहि सोय केली कीं, नवरा किंवा बायको ख्रिस्ती झाल्यामुळें दुसऱ्यानें सहा महिने संसार सोडला, तर ख्रिस्ती झालेल्या माणसानें कोर्टांत जाऊन तें लग्न मोडून घ्यावें व पुन्हां लग्न करण्यास मोकळें व्हावें. टिळकांना ही वाट मोकळी होती. त्यांनीं ती धरली नाहीं. त्यांनीं वाट पाहिली, पत्रें लिहिलीं, भेटीस गेले. धर्म सोडणारा मनुष्य संसारहि सोडणारच, ही आपल्याकडची ठाम समजूत. ती या मनुष्यापुरती तरी खोटी ठरली.

आणि बाई परत आल्या त्या कशा? १८९९ च्या सुमारास त्या नगरास नवऱ्याच्या घरीं राहावयास आल्या, पण आपलें सोवळें बरोबर घेऊनच. स्वैंपाक वेगळा, पाणी वेगळें. नवरा ख्रिस्ती आणि बायको ब्राह्मण असा तो संसार कांहीं काळ चालला. जातिभेद देवाचा नसून माणसाचा आहे, हा निर्णय त्यांनीं स्वतःच्या मनाशीं झगडून केला, आणि तो ख्रिस्ती होण्याच्या आधीं केला. बाप्तिस्मा मागाहून, १९०० सालीं. हा अनुक्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. नवऱ्यामागोमाग निमूट गेलेली बायको असें जें चित्र आपण मनांत धरून असतों, तें बाईंच्या बाबतींत साफ चुकीचें आहे.

हा भाग वाचून होतांच आमची वाचक थांबली. "गुरुजी, आमच्याकडे चौथी पिढी. मला असें कांहीं ठरवावेंच लागलें नाहीं. मी जन्मलें तीच मंडळींत. कधीं कधीं वाटतें, लक्ष्मीबाईंनीं जें भांडून मिळवलें, तें मला फुकट मिळालें, म्हणून माझ्या हातांत तें नीट राहत नाहीं."

आम्हीं म्हटलें, "म्हणजे काय?"

"म्हणजे पहा, बाळ उठण्याआधीं दहा मिनिटें पवित्र शास्त्र वाचायचें असा माझा नेम. रोज ठरवतें. पण कधीं दूध उतूं जातें, कधीं बाळ उठतें. मग पोळ्या लाटतां लाटतां मनांतल्या मनांत प्रार्थना म्हणतें. ती धरली जात असेल का?"

धर्मशास्त्राचा असा प्रश्न आम्हांस कोणीं बऱ्याच दिवसांत विचारला नव्हता. आम्हीं काय उत्तर द्यावें? आमच्या संध्येचीहि तीच कथा. कुकरच्या शिट्ट्यांबरोबर गायत्रीचा जप मोजलेला आमच्या कुटुंबाला चांगला ठाऊक आहे, आणि तिनें तो तेथल्या तेथें आंतून बोलूनहि दाखविला. तिघेंहि हंसलों. प्रश्न मात्र हंसण्यावारी गेला नाहीं. त्यानंतर कित्येक दिवस संध्येला बसतांना तो आमच्या मनांत येत होता.

सणांविषयीं ती पुष्कळ बोले. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आपल्याकडे आला; त्याचें मूळ लॅटिन, अर्थ जन्मासंबंधींचा, आणि लॅटिनचा तो धातु व आपला 'जन्' धातु हे मुळांत एकच. म्हणजे नाताळ आणि जन्माष्टमी हे शब्द दूरचे कां होईना पण भाऊबंद आहेत, असें आम्हीं सांगितलें तेव्हां तिला मोठी मौज वाटली. ईस्टरची तिथि कशी काढतात हेंहि आम्हीं तिला समजावून दिलें. २१ मार्चनंतरच्या पौर्णिमेच्या पुढचा रविवार; म्हणजे हा सण इंग्रजी तारखेला बांधलेला नसून आपल्या सणांप्रमाणें चंद्रावर चालतो. २०२५ सालीं चैत्री पौर्णिमेला, १२ एप्रिलला, हनुमानजयंती झाली आणि २० तारखेच्या रविवारीं ईस्टर आला. "म्हणजे उत्तम शुक्रवारची तारीख तुमच्या पंचांगावरून काढतां येईल कीं!" असें म्हणून ती सासूला तें सांगावयास धांवतच वर गेली.

त्यांच्या घरीं नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे, लाडू, सारा दिवाळीचाच फराळ होतो, केक अधिक. आकाशकंदिलाच्या जागीं ताऱ्याचा कंदील लागतो. तिच्या माहेरीं टाळ-मृदंगावर भजनें होतात, आणि टिळकांचीं पदें सर्वांना तोंडपाठ. मराठी ख्रिस्ती भक्तिकाव्याचा हा प्रवाह काल-परवांचा नव्हे; फादर स्टीफन्स यांचें ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' गोमंतकांत राचोल येथें १६१६ सालीं छापलें गेलें, म्हणजे तुकोबा तेव्हां लहान होते. तिला त्रास होतो तो एका प्रश्नाचा. बँकेंत कोणी ना कोणी विचारतें, "तुम्ही घरीं इंग्रजीच बोलतां ना?" ती म्हणाली, "माझे पणजोबा खंजिरी घेऊन गांवोगांव भजनें करीत फिरले. मला इंग्रजींत प्रार्थना करायला अजून अवघड वाटतें. आणि लोक विचारतात, मराठी कसें येतें हो तुम्हांला इतकें छान?"

दिवाळीचें तिचें कोडें वेगळें. खालच्या मुलांच्या हातांत फुलबाज्या दिसल्या कीं बाळ हात पुढें करतें. सासूबाई देतात, सासरे कुरकुरतात. "तें मोठें झाल्यावर विचारील, हा सण आपला का नाहीं? मी काय सांगूं? दिवे त्यांचे आणि तारा आपला? त्याला तर दोन्ही पाहून सारखाच आनंद होतो." संक्रांतीच्या हळदीकुंकवाला बोलवावें कीं नाहीं, याची चर्चा आमच्या स्वैंपाकघरांत दर वर्षीं होई, आणि बोलावल्यास तिला संकोच, न बोलावल्यास अपमान, अशा दुहेरी पेंचांत आमचें कुटुंब गप्प राही. यंदा तिनेंच तो सोडविला. "काकू, बोलवा. मी येईन, तिळगूळ घेईन. कुंकवाचें तेव्हांचें तेव्हां पाहूं." ती आली, कुंकू लावूं का असें कुटुंबानें विचारलें, तिनें मान हलवून नको म्हटलें, वाण घेतलें, आणि सर्वांत उशिरापर्यंत बसली ती तीच.

पण नाताळची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढें जातां येत नाहीं, आणि ती सांगतांना आम्हांस लाज वाटते. आमची थोरली बहीण, आक्का, आमच्याकडेच असते. चौऱ्यायशी वर्षांची आहे. दर नाताळला वरून फराळाचें ताट येतें. आक्का तें आदरानें घेते, 'छान झालंय हो' म्हणते, आणि दार लागलें कीं सगळेंच्या सगळें कामवाल्या बाईंना देऊन टाकते. ताट धुऊन, रिकामें देऊं नये म्हणून त्यांत साखर घालून, आपण परत पाठवितों. हें वर्षानुवर्षें चाललें. आम्ही पाहत होतों आणि गप्प बसत होतों. यंदा ताट घेऊन सूनबाई स्वतः आली तेव्हां आम्हीं मनांतला सल काढावा म्हणून आडून बोलावयास आरंभ केला, तोंच ती म्हणाली, "गुरुजी, मला ठाऊक आहे. त्याच बाई आमच्याकडेहि कामाला आहेत ना!"

वाचकहो, सदतीस वर्षांच्या मास्तरकींत आम्हांस कोणा विद्यार्थ्यानें इतकें निरुत्तर केलें नाहीं. तिच्या बोलण्यांत राग नव्हता, हें तर अधिकच लागलें. याच पेठांतून १८९० सालीं एका चहाच्या पेल्यानें केवढें वादळ उठविलें होतें! पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाला गेलेल्या प्रतिष्ठित मंडळींपुढें चहा-बिस्किटें ठेवण्यांत आलीं. कोणीं घेतलीं, कोणीं घेतलीं नाहींत. नांवें वर्तमानपत्रांत झळकलीं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, लोकमान्य टिळक व न्यायमूर्ति रानडे यांच्यासारखीं माणसें त्यांत गुंतलीं, आणि रानड्यांनीं पुढें प्रायश्चित्तहि घेतलें. त्या मिशनाच्या पवित्र नाम देवालयाचा मनोरा आमच्या घरापासून फार दूर नाहीं. मुलांना हा इतिहास शिकवितांना आम्ही त्या काळच्या लोकांना हंसत असूं.

आतां वंशावळीकडे येतों. पौषांत एके दिवशीं लक्ष्मीबाईंचें नगरचें वेगळें पाणी पुन्हां निघालें, आणि बोलण्याच्या ओघांत आम्हीं तिला आमच्या त्या आजोबांची हकीकत सांगितली. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आणि त्यांची बायको?"

आम्हीं कधींहि हा विचार केला नव्हता. आजोबा गेले, ख्रिस्ती झाले, घट फुटला, हें सर्व आम्हांस ठाऊक. पण त्या बाई कोण, कोठल्या, बरोबर गेल्या कीं माहेरीं राहिल्या, कीं पंढरपुरासारख्या कोठल्या क्षेत्रांत दिवस काढले, याचा एक शब्द आमच्या घरांत कोणीं उच्चारलेला नाहीं. तक्त्यांतली ती आडवी रेघ त्यांची आहे.

डोळा सुधारल्यावर आम्हीं माळ्यावरची पत्र्याची पेटी उतरविली. पणजोबांच्या जमाखर्चाच्या चोपड्या मोडींत आहेत. आमच्या पिढींत मोडी वाचणारे आम्हीच उरलों. तीन दिवस चाळल्यावर शके १८२६ च्या कार्तिकांत एक ओळ सांपडली: 'नगर, रुपये ५'. नांव नाहीं, कारण नाहीं. पुढच्या वर्षीं पुन्हां कार्तिकांत तीच ओळ. मग दर वर्षीं. कधीं पांच, कधीं सात. शके १८४० पर्यंत ही नोंद आहे, त्यानंतर नाहीं. शके १८४० म्हणजे इसवी सन १९१८. त्या सालीं इन्फ्लुएंझाची मोठी सांथ होती. भावाला पाठविले, कीं भावजयीला, कीं भाऊबीज म्हणून आणखी कोणाला, तें आम्ही सांगूं शकत नाहीं. पण ज्या घरानें घट फोडला त्याच घरांतून चौदा-पंधरा वर्षें कोणी गुपचूप पैसे पाठवीत होतें, आणि तें अक्षर खुद्द पणजोबांचें आहे.

आम्हीं तक्त्यावरचा 'निर्वंश' शब्द खोडला व तेथें लिहिलें: 'ख्रिस्ती झाले, वंश नगर येथें.' पत्नीच्या जागीं रेघ पुसून कंसांत 'नांव शोधणें आहे' असें लिहिलें.

आक्का चिडली. "गेलेल्यांचीं भांडणें पुन्हां कशाला उकरतोस? आणि उद्यां त्यांच्यांत कोणी गेलें तर सुतक धरायचें का आपण?" तिनें हें रागानें विचारलें, पण शास्त्रदृष्ट्या प्रश्न बिनतोड आहे. सपिंड्य सात पिढ्यांचें. त्या आजोबांच्या नि आमच्या समान पूर्वजापासून आम्ही पांचवे. म्हणजे सात पिढ्या अजून भरावयाच्या आहेत. आम्हीं हें तिला सांगितलें तेव्हां ती आणखी चिडली व दोन दिवस आमच्याशीं बोलली नाहीं. मात्र त्या दोन दिवसांत सायंकाळचें वाचन चालू असतांना माजघराच्या दाराशीं ती वाती वळीत बसलेली आम्हांस दिसली, तिसऱ्या दिवशीं बाळकवि ठोमरे टिळकांच्या घरीं राहत असत तो भाग आला तेव्हां तिनें आंतून विचारलें, "आणि त्याच्या जेवणाचें काय करीत?"

नाताळच्या त्या ताटाचें काय झालें, असें वाचक विचारतील. आक्कानें चकल्या ठेवून घेतल्या. केकचा तुकडा मात्र कामवाल्या बाईंनाच गेला. त्यांत अंडें असतें.

माघांत चिटणिसांचें उत्तर आलें. भाषा सभ्य होती. आपण सुचविलेली दुरुस्ती मंडळापुढें ठेवली असून, लेखी पुरावा असल्यास ती स्वीकारण्यास हरकत नाहीं; तोंवर त्या जागीं छापील मजकूर न घालतां कोरी जागा सोडूं, असें त्यांनीं लिहिलें. मंडळींतील एका सभासदांचें म्हणणें, हा विषयच नको. दुसऱ्यांचें, त्यांच्याहि शाखेंत असेंच एक नांव आहे. त्या दुसऱ्यांनीं आम्हांस स्वतंत्र पत्र पाठविलें आहे; त्याविषयीं येथें कांहीं लिहिणें योग्य होणार नाहीं.

पुरावा असेल तर तो नगरच्या मंडळींच्या जुन्या बाप्तिस्मा-वहींत असेल. सूनबाईनें आपल्या वडिलांना सर्व हकीकत कळविली आहे. आमचें आडनांव, आजोबांचें नांव, सालाचा अंदाज, सारें कागदावर लिहून दिलें. सध्यां त्यांच्याकडे चाळीस दिवसांच्या उपासाचा काळ आहे आणि ते देवळाच्या कामांत गढलेले असतात. ईस्टर झाला कीं पाळकसाहेबांना भेटून जुन्या वह्या पाहतों, असा त्यांचा निरोप आहे. 'स्मृतिचित्रें' संपत आलें. टिळकांनीं मिशन सोडून 'देवाचा दरबार' मांडला, ९ मे १९१९ रोजीं ते मुंबईस वारले, आणि त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचें दहन झालें, तेथवर आम्ही आलों आहों. पुढें काय वाचावें, याचा विचार चालू आहे. तिनें 'क्रिस्तपुराण' काढलें आहे, आमच्या मनांत मेघदूत आहे.

काल सायंकाळीं ती वर जावयास निघाली तेव्हां आक्कानें माजघरांतून हांक मारली. "अगं, तुझ्या वडिलांचा निरोप आला का कांहीं?"

"अजून नाहीं आक्का. ईस्टर झाल्यावर."

"कधीं आहे तो यंदा?" आक्कानें विचारलें, आणि भिंतीवरचें पंचांग काढून पौर्णिमा पाहूं लागली.